अख्खं गेटवे

भिसेगावच्या जयवंताने मुंबई एकदाच पाहिली होती, चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, नवऱ्याबरोबर. धर्माजी कर्जतच्या भातगिरणीत पोती वाहायचा. सहा तारखेला चैत्यभूमीवर डोकं टेकवून झाल्यावर तो म्हणाला, "आलोच हाय तर तुला मुंबई दावतो." राणीच्या बागेत त्यांनी हत्ती पाहिला. म्युझियमचा घुमट बाहेरूनच पाहिला, कारण जयवंताला पाचवा महिना होता आणि जिने नको होते. उन्हं कलताना दोघं गेटवेपाशी पोचली.

तिथल्या फोटोवाल्याने त्यांना हाताने पुढं बोलावलं. "जवळ या, चेहरे मोठे येतील."

"चेहरे आमी रोज बघतोय," धर्माजी म्हणाला. "अख्खं गेटवे आलं पायजे. वरचे कळस कापू नकोस."

फोटोवाला मागं सरत सरत पार रस्त्यापर्यंत गेला. त्याने पत्ता लिहून घेतला आणि पंधरा दिवसांनी फोटो पोस्टाने आला. धर्माजीने तो गिरणीत एकेकाला दाखवला. "एक दगड सुटला नाय, बघा."

पुढच्या श्रावणात कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. लेक तेव्हा चार महिन्यांची होती.

त्याचा दुसरा फोटो नव्हता. पहिला स्मृतिदिन जवळ आला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा, मेणबत्ती लावायची, अशी रीत. पण जयवंताला रीतीपेक्षा पोरीचा घोर होता. हिला बाप दाखवायचा कसा? फोटोत गेटवे चारी कळसांसकट होतं, आणि त्याच्या पायाशी तांदळाच्या दाण्याएवढी दोन माणसं.

ती फोटो घेऊन बाजारातल्या इद्रिसच्या स्टुडिओत गेली. त्याने भिंग लावून पाहिलं.

"वैनी, एवढ्याशावरून मोठा केला तर नुसते ठिपके येतील."

"येऊ देत. करा."

आठवड्याने त्याने जे पुढं ठेवलं त्यात टोपीखाली एक पांढुरका डाग होता, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. इद्रिसलाच वाईट वाटलं. "तुम्ही सांगा, मी ब्रशने भरतो. नाक कसं होतं?"

जयवंता सांगू लागली. नाक सरळ, शेंड्याला बसकं. उजवी भुवई मधेच तुटलेली, लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं. हनुवटी... हनुवटीपाशी ती अडखळली. वर्षभरात हनुवटीच आठवणीतून निसटली होती. इद्रिसने आपल्या मनाने भरली.

चित्र तयार झालं तेव्हा त्यातून एक देखणा माणूस तिच्याकडे बघत होता. तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"हात चांगला हाय तुमचा, इद्रिसभाई. पण पोरगी जलमभर ह्यालाच बाप म्हणंल. ऱ्हाऊ द्या." मग तिने जुन्याच फोटोला चौकट करून घेतली.

स्मृतिदिनी वस्ती जमली. वंदना झाली. सोनुबाई, तिची चुलत सासू, फुलं घेऊन पुढं आली आणि थबकली. "अगं, गेटवेला फुलं वाहायची का गं आमी?"

"खाली बघा, आत्या. डाव्या अंगाला, टोपीवाला."

सोनुबाई गुडघ्यांवर बसली, नाक काचेला लागेस्तोवर वाकली. "हा व्हय! मेला उभा कसा ऱ्हायलाय, जसं ह्यानंच बांधलंय." हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. "हनुवटी वर काढून. जलमाची खोड, दोन खळ्या पडायच्या बघ तिथं."

दोन खळ्या. जयवंताने डोळे मिटले.

मग एकेक जण वाकून बघू लागला आणि ज्याला जे आठवलं ते बोलू लागला. शेवटी जयवंताने लेकीला कडेवर घेऊन काचेपाशी नेलं. पोरीने बोट ठेवलं ते पार कळसावर. जयवंताने ते बोट धरलं आणि हळूच खाली आणलं.