सगळ्या डब्यांना एकच ॲडमिन

कळंबच्या आमच्या इंटरनेट ऑफिसात तक्रारीचा फोन मी उचलते. वायरींचे तुकडे झाडून टाकता येतात, किस्से मात्र साठत जातात. लोकांना वाटतं, आम्हाला दिवसभर 'नेट चालंना' एवढंच ऐकू येतं. एकदा माझ्या खुर्चीत बसून बघा.

आधी आमची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकाचा. पण राउटरच्या डब्याला आतून स्वतःचं एक लॉगिनचं पान असतं. तिथं नावाच्या जागी 'ॲडमिन' आणि पासवर्डच्या जागीही 'ॲडमिन'. सगळ्या गिऱ्हाइकांना हेच. शिवाय आमच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर टाकला की ते पान कुठूनही उघडतं, आणि वायफायला कुणाकुणाचे मोबाइल जोडलेत तेही त्यावर दिसतं. मालक आप्पांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "परतेकाचं येगळं ठिवलं तर ध्यानात कोण ठिवणार? तू का म्या?"

तुळजापूरच्या एका लॉजवर मुक्कामाला आलेल्या कुणीतरी डब्यात शिरून वायफायचं नावच बदललं. 'गाद्यांत ढेकूण' असं नाव सगळ्या भाविकांच्या मोबाइलवर दिसायला लागलं. लॉजमालकानं वायफायचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी नाव आलं, 'अजून आहेत'! आमचा वायरमन मुस्तफा हसून हसून बेजार. लॉजमालकानं शेवटी सगळ्या गाद्या बदलल्या, डब्याचं लॉगिन तेवढं तसंच राहिलं.

अणदूरच्या वेळी मात्र मुस्तफा हसला नाही. तिथल्या एका घरात बँकेचं पान उघडलं की हुबेहूब तसंच दुसरं पान यायचं. कुणीतरी डब्यात शिरून वाटच वळवून ठेवली होती. घरातल्या काकूंनी त्या खोट्या पानावर बँकेचा पासवर्ड टाकला आणि मुलीच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं गेलं. आप्पा मुस्तफाला म्हणाले, "व्हायरस असंल, रिसेट मार." मारलं रिसेट. पासवर्ड पुन्हा ॲडमिन. महिनाभरात पान पुन्हा वळलं, पण तोवर चोरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुनंदा मॅडम शाळेत शिकवतात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तुळजापूर सोडलं आणि कळंबला खोली घेऊन एकट्या राहायला लागल्या. एक दिवस काउंटरवर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "ताई, माझ्या वायफायवर कुणाकुणाचा मोबाइल हाय, ते दुसऱ्याला दिसतं का हो?"

मैत्रीण घरी आली की नवऱ्याचा मेसेज यायचा, 'पाहुणी कोण?' त्या शाळेतून लवकर आल्या की, 'आज लवकर?' बिचाऱ्या वायफायचाच पासवर्ड बदलत राहिल्या होत्या. नवराही आमचंच गिऱ्हाईक. त्याचं नेट बंद पडलं तेव्हा मुस्तफानं डब्याचं लॉगिन फोनवरच सांगून टाकलं होतं. सगळ्यांनाच सांगतो. आणि बायकोचा मोबाइल नंबर त्याला पाठ होताच.

मला आप्पांच्या पद्धतीचा राग आला. मी मॅडमच्या डब्याचं लॉगिन बदललं आणि नवं फक्त त्यांना सांगितलं. मेसेज थांबले. मॅडम येता-जाता दारातून हात करायला लागल्या. "ऐतवारी मैत्रिणी जेवायला येणार हायेत, तुमी बी या," असं आमंत्रणही दिलं.

त्या आठवड्यात मी दुपारी जेवायला गेले असताना आप्पांनी फोन घेतला. परत आले तर स्वारी खुशीत होती.

"लई सभ्य माणूस. म्हणला, 'मॅडमचा मिस्टर बोलतोय, आमच्या घरचं ॲडमिन चालंना.' म्या हितनंच पूर्वीसारखं करून दिलं. तू कशाला बदललं हुतंस?"

मी लॉगिन पुन्हा बदललं आणि मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. पिशवीतून डबा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. वायर नीट गुंडाळलेली होती. डबा परत आला की विचारायचं ते मी सवयीनं विचारलं, "शिफ्टिंग का, मॅडम? नवा पत्ता काय टाकू?"

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग फोनजवळ बसलेल्या आप्पांकडं.

"टाकू नका," म्हणाल्या.