अस्वलाच्या आतला माणूस

पार्कात त्याला सगळे अस्वलच म्हणत, अगदी पगाराच्या खिडकीवरचा कारकूनसुद्धा. थीम पार्क म्हटलं की मोठ्यांना आकाशपाळणा आठवतो, पण लहान पोरांना विचाराल तर ती अस्वलाचं नाव घेतील, आणि त्या अस्वलाच्या आत गेली नऊ वर्षं हाच गृहस्थ होता. वय पंचेचाळीस, अंगाने किरकोळ, लग्न राहून गेलेलं. पोशाख चढवला की मात्र त्याच्या अंगात काय यायचं कोण जाणे. भोकाड पसरलेलं पोर तो दोन मिनिटांत हसवायचा.

अस्वलाला नियम एकच: तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हो म्हणायचं तर कमरेतून वाकून डोलायचं, कारण नुसत्या मानेने ते अवजड डोकं जागचं हलत नसे. नाही म्हणायचं तर दोन्ही पंजे हलवायचे. बोलायला एक सोबतीण असे, पन्नाशीची, तोंडाळ आणि मनाने चांगली बाई. "डोलायचं काम तुझं, बोलायचं माझं," असं ती म्हणायची, आणि पुढेपुढे तर पोशाख उतरवल्यावरही त्याचा चहा तीच सांगू लागली. तो आपला मान डोलवायचा. लोकांना त्याची गंमत वाटे.

खरी गंमत अशी की त्याच्या बापाचा सगळा जन्म बोलण्यात गेला होता. बाबा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते आणि ते कानांवर जगत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, कपाटापासून मोरीपर्यंतची पावलं, गॅसची बटणं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. फक्त समोरच्या माणसाने गप्प बसू नये, एवढंच त्यांचं मागणं असे. "धाकट्या, बोलत राहा रे," ते मुलाला म्हणत, "म्हणजे तू कुठे आहेस ते मला दिसतं."

थोरली बहीण, ताई, चार तासांच्या अंतरावरच्या गावी राहायची. आई गेल्यावर तिने बाबांना न्यायची तयारी केली होती. बाबांनी साफ नकार दिला. म्हणाले, इथे मी नुसता डोळ्यांनी आंधळा, तिथे खराखुरा आंधळा होईन. धाकट्यानेही शब्द दिला की मी आहे ना, रोज त्यांच्याजवळ बसेन, बोलेन. ताई जाताना म्हणाली, "ठीक आहे, तुझ्या भरवशावर ठेवते. पण ज्या दिवशी ते स्वतःच्या तोंडाने म्हणतील की ने, त्या दिवशी मी तुला विचारायला थांबणार नाही."

तीन वर्षं तो शब्दाला जागला. मग वर्षअखेरच्या सुट्ट्यांसाठी पार्कने नवी टूम काढली. सहाला पार्क बंद करायचा, दिवसाच्या तिकीटवाल्यांना गोड बोलून बाहेर काढायचं, आणि वेगळं तिकीट काढणाऱ्यांच्या मनगटाला चकचकीत पट्टे बांधून अकरापर्यंत त्यांनाच आत ठेवायचं. गर्दी कमी, रांगा आखूड, झाडाझाडावर दिवे, अंगावर साबणाच्या फेसाचा बर्फ. पण निम्मे पाळणे बंद, आणि साडेआठलाच पोरं पेंगुळलेली. दिवसाचं तिकीट घ्यावं की संध्याकाळचं, असं कोणी विचारलं की सोबतीण म्हणे, "दिवसा पाळणे मिळतील आणि रांगेत जीव जाईल. संध्याकाळी रांग नाही, आणि पाळणेही नाहीत. काय सोडायचं ते घरून ठरवून या."

धाकट्यानेही ठरवलं. साहेबांनी त्याला सांगितलं होतं, "सव्वीसच्या सव्वीस संध्याकाळी उभा राहिलास तर तुला कायम करतो. एकही खाडा नको." कायम झालं की हक्काची रजा मिळणार होती, आणि रजा मिळाली की बाबांजवळ बसता येणार होतं. म्हणजे बाबांजवळ बसायला मिळावं म्हणून आधी महिनाभर बसायचं नाही. आपल्यापैकी कोणाला हे शहाणपणाचं वाटलं नसतं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

सकाळी नऊ ते तीन अस्वल, मग घर, आणि पुन्हा सहा ते अकरा अस्वल. मधल्या वेळात तो बाबांजवळ बसे. पहिल्या आठवड्यात त्याने पार्कातल्या साऱ्या बातम्या सांगितल्या. दुसऱ्या आठवड्यात तो नुसतं हं हं करू लागला. तिसऱ्यात तेही गेलं. बाबा बोलत राहत, आणि तो समोर बसून मान डोलवत राही. आपण उत्तर देतो आहोत असंच त्याला वाटत असे.

अठरावा दिवस. तो घरी आला तेव्हा बाबा झोपले होते. त्यांची झोपमोड नको म्हणून त्याने चपला बाहेरच काढल्या, दार हळू लोटलं आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकलं. मान, पाठ, खांदे, सगळं ठणकत होतं. चारच्या सुमारास बाबा जागे झाले.

"धाकट्या, आलास का रे?"

त्याने मान डोलवली. कमरेतून वाकून, चांगली स्पष्ट.

"आलास का?"

त्याने पुन्हा डोलवली आणि डोळे मिटले. बाबा थोडा वेळ कानोसा घेत राहिले. मग त्यांनी चाचपडत फोन घेतला आणि ताईचं मोठं बटण दाबलं.

"पोरी, मी बोलतोय. नाही, घरात कोणी नाही. अगं, येतो तो, पण आल्यासारखा वाटत नाही. काल तासभर बोललो त्याच्याशी, आणि मग हात पुढे केला तर रिकामी खुर्ची. कधी उठून गेला देव जाणे. खुर्चीशी बोलत होतो मी. फार लाज वाटली गं." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्याला सांगू नकोस, जिवाला लावून घेईल. हो, माझ्याच तोंडाने म्हणतोय. मला ने."

धाकटा खाडकन जागा झाला होता. 'बाबा' अशी हाक अगदी ओठावर आली होती. पण आता बोलावं तर म्हाताऱ्याला कळणार की आपलं सगळं ऐकलं गेलं, आणि तेही समोर बसून. त्याने श्वाससुद्धा रोखून धरला. न बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाबा पुन्हा कलंडले तसा तो अनवाणी उठला, दाराबाहेर गेला, चपला हातात घेऊन दोन जिने उतरला. मग चपला घालून, पायऱ्यांवर त्या मुद्दाम आपटत तो वर आला आणि म्हणाला, "बाबा, आलो."

"आलास? बस." बाबांनी चेहरा सावरला. "ताईचा फोन होता. चार दिवस हवापालटाला बोलावतेय. जाऊन येतो म्हणतो."

"जा की, बाबा."

मग साडेपाच वाजेपर्यंत तो अखंड बोलत राहिला. साबणाचा बर्फ, सोबतिणीची बडबड, हरवलेल्या टोप्या, सुचेल ते. बाबा पाहुण्याचं ऐकावं तसं हसून ऐकत होते. तो पाचव्यांदा "इथेच राहताय का मग?" असं विचारणार होता आणि पाचव्यांदा त्याने ते गिळलं. सहाला तो कामावर हजर होता.

दोन दिवसांनी ताई गाडी घेऊन आली. धाकट्याचा खाडा झाला नाही, आणि तो कायम झाला. रजेचा पहिला अर्ज त्याने तीन महिन्यांनी भरला, बाबा गेल्याची खबर आली तेव्हा. नव्या घरात ते दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा पडले ते उठलेच नाहीत.

सगळं आटोपल्यावर ताई त्याच्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा घसा बसला होता. रागाने नाही, नुसतं मनातलं बोलून टाकावं म्हणून ती म्हणाली, "तुला सांगू नको म्हणाले होते, पण सांगते. त्या दुपारी तू घरी असतास ना, तर त्यांनी मला फोन केलाच नसता."

"हो," तो म्हणाला.