पाठ फिरवून बोलणारे

आमच्या काकांना एकच कला साधलेली: पाठ फिरवून बोलण्याची. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, ऐन पंचविशीत तापाने दोन्ही कानांनी ठार बहिरी झाली आणि ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. तेव्हापासून गोड बोलायचं ते तिच्यासमोर आणि खरं बोलायचं ते खिडकीकडे तोंड करून, असा घरचा शिरस्ताच पडला. काकू तर नवऱ्यापेक्षा वरताण. आत्या यांच्याच शिलाईच्या दुकानात मान मोडून कॉलरी शिवायची आणि "आम्ही पोसतोय हो बिचारीला," असं ही दोघं जगाला सांगत फिरायची.

शेजारच्या दुकानातल्या कटिंग मास्तरने, भला विधुर माणूस, आत्याला मागणी घातली होती. मग त्याचा विचार बदलला म्हणे. हे काकांनी तिला समोर उभं राहून, ओठ नीट हलवून सांगितलं. आत्या पुढे कितीतरी दिवस अर्ध्या जेवणावरून उठायची.

नंतर तिच्या दोन्ही कानांसाठी कॉक्लियर इम्प्लांटची ऑपरेशनं झाली. धावपळ तिची आणि माझी, फोटोत मधोमध काका. सुरुवातीला माणसांचं बोलणं तिला पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू यायचं. "नुसता आवाज येतो, शब्द कुठले कळायला!" असं काकांनी जाहीर केलं आणि तिथेच त्यांची अक्कल थांबली. मी रोज मोठ्याने वाचायचो, आत्या डोळे मिटून ऐकायची. हळूहळू शब्द उमटले. घरात कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

एका दुपारी ती मशीनवर कॉलर शिवत असताना काका सवयीने खिडकीकडे वळले. आवाज कमी करण्याचीही तसदी नाही!

"मास्तर परत आलेला विचारायला. म्हटलं, तिलाच लग्न नकोय."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या. "ती गेली तर शिवणार कोण? तुम्ही?"

मशीन थांबलं. आत्याने फोन उचलला. "मास्तर, मी बोलतेय. हो, मीच. ऐकू येतंय मला. मला लग्न करायचंय."

काकू पडद्याआड सटकल्या. काकांची वाचाच बसायला हवी होती, पण लाज असेल तर ना!

"अगं, घरातलं बोलणं ते," काका म्हणाले. "या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं."

"त्यासाठी दोन्ही नाही केले, दादा," आत्या म्हणाली.