आडनावासकट कापूस

परभणीत स्टेशनजवळ एका बेकरीच्या वर आमचा जावा या संगणकाच्या भाषेचा क्लास होता. शिकवणारे सर स्वतःला ‘जावातला माणूस’ म्हणवून घेत. त्यांना जावातून बाहेर पडताना कुणी पाहिलं नव्हतं हे खरं. पण आत शिरतानाही कुणी पाहिलं नव्हतं.

मी वालूरहून यायची. सेलूपर्यंत जीप, पुढे रेल्वे. एवढा आटापिटा करून शिकायला जायचं आणि समोर सर.

त्या दिवशी इनम होता. इनम म्हणजे ठरावीक नावांचा संच. सरांनी ‘पीक’ नावाचा इनम केला आणि त्यात कापूस, सोयाबीन, तूर घातली. चौथ्याला प्रवेश नाही. मग स्विच. पीक कोणतं ते बघायचं आणि ज्याच्या त्याच्या ‘केस’कडे वळायचं. सरांनी ठसक्यात लिहिलं : केस पीक.कापूस.

मी म्हणाले, “सर, केसमध्ये नुसतं कापूस लिहायचं. पिकाबद्दल चाललंय हे स्विचला आधीच कळलेलं हाय.”

“लग्न झाल्यावर तू आडनाव लावणार न्हाईस का?” सर म्हणाले.

वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या मुली जरा जास्तच हसल्या, कारण सर त्यांच्याकडेच बघत होते. माझे कान तापले.

“मला नका विचारू. मशीनला विचारा.”

सरांनी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर एरर आली : केसमध्ये इनमचं नुसतं नाव पाहिजे. इतकी स्पष्ट कानउघाडणी आमच्या घरीही कुणी करत नसे. सरांनी ती वाचलीच नाही. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग दुसऱ्या मशीनवर बसले. मग व्होल्टेज कमी पडायलंय म्हणून पंखे बंद करायला लावले. आम्ही घामाघूम झालो, एरर मात्र गारेगार.

शेवटी सर फळ्याकडे वळले. “हे बघा, परीक्षा कागदावर हाय. कागद एरर देत न्हाई.”

चाचणीत मी नुसतं कापूस लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल गोल काढून ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. मी विचारायला गेले तर म्हणाले, “हुशार हायेस, पण लय उद्धट.” मी क्लास सोडला आणि उरलेला जावा घरी बसून शिकले.

पुढे परभणीतच नोकरी लागली. पिकांचा सल्ला देणारं ॲप आम्ही बनवतो. एका सकाळी जावाच्या नव्या, एकविसाव्या आवृत्तीची माहिती वाचत होते आणि हातातला चहा तसाच राहिला. आता केसमध्ये पूर्ण नावही चालणार होतं! माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हे सरांना कळू नये.

संध्याकाळपर्यंत कळलं. क्लासच्या जुन्या ग्रुपवर सरांचा मेसेज : ‘मी तेव्हाच सांगत होतो.’ आठवड्यात फोनही आला. गुणवंत माजी विद्यार्थिनी म्हणून माझा सत्कार ठरला होता. मी गेले. नाही म्हणायला हवं होतं, पण सर काय बोलतात याची उत्सुकता मोठी होती.

“या मॅडम एका शब्दावरून माझ्याशी भांडल्या होत्या,” सरांनी नव्या पोरांना सांगितलं. “आज अख्खं जग माझ्या बाजूला आलंय!” टाळ्या. मला शाल.

एका मुलीने उठून विचारलं, “मॅडम, मग लिहायचं काय?”

“नवी आवृत्ती असेल तर दोन्ही चालतं. इथं कोणती हाय?”

तिने माझ्या मागच्या मशीनवर सरांची ‘केस पीक.कापूस’ ही ओळ चालवून बघितली. लाल एरर. वर्गात कुणी हसलं नाही. या पोरांना सवय असावी.

“सर, ही तर लय जुनी हाय,” ती म्हणाली.

“नवी टाकायचीच हाय,” सर म्हणाले, “दिवाळीनंतर बघू.” आणि फोटोसाठी त्यांनी मला त्याच मशीनच्या पुढे, पडदा झाकेल असं उभं केलं.