कर्ता नसलेला खुलासा

जयश्री सिस्टरचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत देशमुख म्हणाले, "मॅडम, एवढं पॅसिव्हमध्ये करून द्या. उद्या पेशंटचे नातेवाईक येणार आहेत."

देशमुख नांदेडच्या एका खासगी हॉस्पिटलचे क्वालिटी मॅनेजर. हॉस्पिटलला ॲक्रेडिटेशन हवं होतं, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून मिळणारं दर्जाचं प्रमाणपत्र. त्यासाठी सगळं रेकॉर्ड नीट इंग्रजीत पाहिजे. म्हणून मला बोलावलेलं. मी लातूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायची. निवृत्त झाल्यावर मुलीकडे नांदेडला आले आणि अशी कामं घ्यायला लागले. नर्सेसचं वर्कशॉप घ्यायचं, त्यांचे रिपोर्ट तपासायचे, भाषा सुधारून द्यायची.

हा इन्सिडेंट रिपोर्ट होता. वॉर्डात काही विपरीत घडलं, की ड्यूटीवरच्या माणसानं तो लिहायचा असतो. जयश्रीचं इंग्रजी तुटक, पण अर्थ स्वच्छ. डिलिव्हरीनंतर पेशंटचं ब्लीडिंग थांबेना. मी डॉक्टर सरांना फोन केला. सरांनी उचलला नाही. मी परत केला. सर म्हणाले, इंजेक्शन द्या, मी निघालो. मी इंजेक्शन दिलं. सर आले नाहीत. मी पुन्हा फोन केला.

प्रत्येक वाक्यात कोणीतरी काहीतरी केलं होतं, नाहीतर केलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये मी तेच सांगितलं होतं. आधी कोण ते लिहा, मग काय केलं ते.

पेशंट भोकरकडची, पहिलटकरीण. भरदुपारची गोष्ट. वॉर्डातले ज्युनिअर डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. कन्सल्टंट, म्हणजे बाहेरून येणारे मोठे डॉक्टर, गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या क्लिनिकमध्ये. ते पोचेपर्यंत इतकं रक्त गेलं होतं, की जीव वाचवायला गर्भपिशवी काढावी लागली. बाई वाचली. बाळही चांगलं होतं. पण तिला आता दुसरं मूल होणार नव्हतं. तिच्या नवऱ्यानं लेखी विचारलं होतं, उशीर कोणामुळे झाला? हॉस्पिटलला लेखी खुलासा द्यायचा होता.

देशमुखांनी नमुना म्हणून पॅसिव्हमधली, म्हणजे कर्मणी, काही वाक्यं टाइप करून आणली होती. इट वॉज ऑब्झर्व्हड दॅट, म्हणजे असं दिसून आलं की. इट इज अंडरस्टुड दॅट, म्हणजे असं समजतं की. इट इज बिलीव्हड दॅट, म्हणजे असं मानलं जातं की. पेशंटला रक्तस्राव होत असल्याचं दिसून आलं. कन्सल्टंटना कळवण्यात आल्याचं समजतं. कम्युनिकेशन गॅपमुळे विलंब झाला असावा असं मानलं जातं.

इंग्रजीत कुठलीही गोष्ट समजावून सांगायला अशी सुरुवात करायची जुनी रीत आहे. तिच्यात वाईट काही नाही. पाणी अमुक तापमानाला उकळतं असं आढळून आलं आहे, इथं कोणाला आढळलं ह्याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं. मी स्वतः पोरांना सांगायची, की 'मला वाटतं' लिहू नका, 'असं मानलं जातं' लिहा, वजन येतं. बोलणारा बाजूला होतो आणि वाटतं, ही गोष्ट सगळ्या जगानं आधीच ठरवून टाकलेली आहे. वाचणारा मग वाद घालत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात ते चालतं. इथं तर प्रश्नच 'कोणामुळे' असा होता.

मी देशमुखांना विचारलं, कळवण्यात आलं म्हणजे कोणी कळवलं? गॅप कोणाच्या आणि कोणाच्या मधली?

ते शांत माणूस. आवाज चढवत नसत. त्यांनी मला समजावलं, की ॲक्रेडिटेशनवाल्यांचं तत्त्वच असं असतं, माणसाला दोष द्यायचा नाही, सिस्टिम सुधारायची. नावं आली की भांडणं येतात, वकील येतात. पॅसिव्ह लिहिलं तर सगळेच सुटतात. "तुमची सिस्टरसुद्धा सुटते, मॅडम," ते म्हणाले.

हा मुद्दा मला एकदम खोडता आला नाही. म्हटलं, आधी तिच्याशी बोलते.

जयश्री मुखेडची. घरातली नोकरीला लागलेली पहिली. वर्कशॉपमध्ये ती पहिल्या बाकावर बसायची आणि समजलं नाही तर तोंडावर सांगायची. त्या दिवशी चेंजिंग रूमबाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिला देशमुखांची वाक्यं मराठीत सांगितली. तिनं ऐकून घेतलं.

"मॅडम, मी फोन केला हाय," ती म्हणाली. "सर आधी उचलूनच न्हाई राहिले. मी केला, तर मग 'कळवण्यात आलं' कामून लिहायचं?"

तिनं मोबाईल काढून मला कॉल दाखवले. लेबर वॉर्डातला लँडलाइन बंद पडलेला होता, म्हणून तिनं स्वतःच्या फोनवरून केले होते.

मी परत देशमुखांकडे गेले आणि मधला मार्ग सुचवला. पॅसिव्हच ठेवू, पण 'बाय' लावू. 'बाय' हा इंग्रजीतला छोटा शब्द, आपल्याकडच्या 'कडून'सारखा. कर्मणी वाक्यात कर्त्याला परत आणायचं असेल तर तो लावतात. सिस्टरकडून कन्सल्टंटना फोन करण्यात आला, एवढं आलं तरी तिचं काम कागदावर राहील.

"मग सरांकडून फोन उचलण्यात आला नाही, हेपण लिहावं लागेल," देशमुख म्हणाले.

"लिहू या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. हे सर इथं दर महिन्याला किती पेशंट आणतात ते त्यांनी मला सांगितलं नाही. तेवढं मला न सांगताही कळत होतं. डायरेक्टरांशी बोलतो, एवढंच म्हणाले. मी माझा मसुदा 'बाय' लावून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये नवरा आला, बरोबर त्याची आई. नवरा टेम्पो चालवतो. दोघं खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. कन्सल्टंट आलेच नाहीत. डायरेक्टरांनी दोन सांत्वनाचे शब्द बोलून खुलासा हातात दिला. इंग्रजीत, लेटरहेडवर, शिक्का मारलेला. नवऱ्यानं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, साहेब, ह्यात काय हाय ते मराठीत सांगा.

देशमुखांनी कागद माझ्याकडे दिला. मॅडम सांगतील, म्हणाले.

मी तो तिथं पहिल्यांदा वाचला. माझा मसुदा नव्हता. सगळे 'बाय' गेले होते. रक्तस्राव दिसून आला होता, उपचार देण्यात आले होते, विलंब घडला होता. कन्सल्टंटना कळवल्याचं वाक्य मात्र पुरतं काढून टाकलेलं. आणि शेवटच्या परिच्छेदात एक नवीन वाक्य होतं. इट इज फेल्ट दॅट द नर्स ऑन ड्यूटी फेल्ड टु एस्कलेट.

एस्कलेट करणं म्हणजे गोष्ट वेळेवर वरच्या माणसापर्यंत पोचवणं. असं वाटतं की ड्यूटीवरच्या नर्सनं ते केलं नाही. कोणाला वाटतं, ते वाक्यात नव्हतं. ते कोणी केलं नाही, हे मात्र होतं: नर्सनं.

मी बाकीचं वाचून दाखवलं. त्या वाक्याशी थांबले आणि नवऱ्याला म्हटलं, "इथं लिहिलंय की सिस्टरनं वर कळवलं नाही. हे खरं नाही. तिनं डॉक्टरांना फोन केले होते. मी ते कॉल तिच्या मोबाईलमध्ये पाहिलेत."

देशमुख अर्धवट उठले. डायरेक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, की इमर्जन्सी कॉल हॉस्पिटलच्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे वॉर्डातल्या लँडलाइनवरून, करायचा असा नियम आहे, खासगी मोबाईल रेकॉर्डवर धरता येत नाही.

नवरा माझ्याकडे बघत होता. "मॅडम, तुम्ही तिथं होता का त्या टायमाला?"

"नव्हते."

"आम्ही होतो," तो म्हणाला.

मग त्याची आई पहिल्यांदा बोलली. "ती सिस्टर तर सारा वेळ पोरीचा हात धरून उभी होती. हललीच न्हाई तिथून."

बाईनं ते चांगल्या मनानं सांगितलं असावं. डायरेक्टरांनी मात्र मान हलवली, जणू काही त्यांना हवं होतं तेच मिळालं. नवऱ्याचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला. हात धरून उभी होती, म्हणजे फोन करायला गेलीच नाही, एवढा अर्थ त्यानं लावला. एका हातानं हात धरून दुसऱ्या हातानं फोन लावता येतो, हे मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. त्याच्या हातात शिक्क्याचा कागद होता आणि मी एक बाहेरची बाई होते.

ठपका जयश्रीवर आला. तिनं दोन-तीन ठिकाणी दाद मागितली. प्रत्येक ठिकाणी तिच्यापुढे तोच खुलासा ठेवला गेला. शेवटी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. बाहेर सांगताना मात्र 'तिला कार्यमुक्त करण्यात आलं' असं सांगितलं. हे मराठीतलं. पॅसिव्हची सोय आपल्या भाषेतही कमी नाही. माझं पुढचं वर्कशॉप कोणी ठेवलं नाही. हॉस्पिटलला प्रमाणपत्र मिळालं. कन्सल्टंट अजून तिथं येतात.

जयश्री आता मुखेडला एका छोट्या दवाखान्यात आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी इंग्रजीचा विषय काढला. ती म्हणाली, "मॅडम, आता मी काहीच लिहीत न्हाई. डॉक्टर सांगतात तिथं फक्त सही करते."

मी अजूनही भाषा तपासायची कामं घेते. 'इट इज'नं सुरू होणारा खुलासा आला, की पहिल्या पानावर वेळ घालवत नाही. सरळ शेवटाकडे जाते आणि कर्ता शोधते. बहुतेक वेळा तिथं एक तरी सापडतो, आणि त्या इमारतीत त्याच्याइतका कमी पगार क्वचितच कोणाला असतो.