नदीतली गार जागा

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी महागावजवळ नदीचं पाणी मोजायच्या कामावर होतो. वर आणि खाली अशा दोन ठिकाणी प्रवाह मोजला, की मधे किती पाणी जमिनीत मुरलं ते कळायचं. पण त्या दिवशी खालीच पाणी जास्त भरलं. मधे तर एकही नाला मिळत नव्हता. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, तरी तेच.

माझं काम पाहायला आलेली बायको तोवर कोमट पाण्यात उतरली होती.

"अहो, इथं पाणी एकदम थंडगार लागून राह्यलं!"

मी धावतच गेलो. काठाखालच्या वाळूतून गार पाणी पाझरत होतं. इथं जमीनच नदीला पाणी देत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं चपला हातात धरून आणखी गार जागा शोधत हिंडलो.