पेजेवरचा मंतर

चर्चमधल्या विसरभोळ्यांनो, मी कोण ते आठवते का? आजी बोलून राहिली, सून लिहून राहिली.

शेजारची सुमनबाई करणी करते म्हणतात, म्हणून ती तापानं पडली तरी तिच्याकडे कोणी जात नाही. आज मी पेज घेऊन गेली. येशूनं शेजाऱ्यावर प्रेम करा म्हटलं, शेजारी निवडा नाही म्हटलं.

डोळे मिटून वाटीवर प्रार्थना केली, तर सुमनबाई भिऊन भिंतीला चिकटली. "काऊन मंतर टाकून राहिली वं?"

मग मी आधी दोन घोट प्याली, तेव्हा ती प्याली.

फाटकातून लोकांनी पाहिलं. "आता बुढीपण तिच्यातलीच," म्हणाले. तेव्हापासून सून अन् मी घराला कडी लावून बसलो आहोत.

उद्या पुन्हा जायचं आहे. सोबत कोण येते? भेव वाटत असेल तर पेजेसाठी तांदळाची कणी पाठवा, सुमनबाईच्या अन् आमच्या, दोन्ही घरांना पुरेल एवढी.